शंकरपाळ्याची भूमिती

दिवाळीच्या आधीची गोष्ट. लेकीची पहिल्या सत्राची परीक्षा संपून गणिताचा पेपर घरी आला होता. इयत्ता पाचवी, वीसपैकी सतरा. सतरा काही वाईट नाहीत, पण गेलेले तीन गुण कुठे गेले हे आधी बघायची माझी सवय. त्यातले दोन एकाच प्रश्नात गेले होते. प्रश्न असा: खालील आकृत्यांपैकी जे जे रेक्टँगल असतील त्यांना खूण करा. लेकीने दोन लांबट आकृत्यांना बरोबर खूण केली होती आणि दोन चौरस सोडून दिले होते. त्यांतला एक चौरस कोपऱ्यावर उभा होता. त्याच्याखाली तिने 'डायमंड' असंही लिहून ठेवलं होतं. बाईंनी दोन्ही चौरसांभोवती लाल वर्तुळं काढली होती.

मला राग आला, कारण आदल्या रात्री हा धडा मीच घेतला होता. "हे बघ, लांबट तो आयत. चारही बाजू सारख्या तो चौरस. दोन्ही वेगळे. गोंधळ करायचा नाही," असं मी ठणकावून सांगितलं होतं. मी इंजिनिअर. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात रोज ड्रॉइंग वाचणारा माणूस. मी शाळेच्या डायरीत लिहून पाठवलं की चौरस आणि आयत हे वेगवेगळे आकार आहेत, तरी गुण दुरुस्त करावेत.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. दोनच ओळी. आयताची व्याख्या लिहून पाहावी आणि चौरस त्या व्याख्येत बसतो का ते तपासावं, अशी नम्र विनंती.

मी पेन घेऊन बसलो. आयत म्हणजे असा चौकोन, ज्याचे चारही कोन काटकोन असतात. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात का? असतात. मग चौरस आयत झाला. बाजू लांबट असायला हव्यात असं त्या व्याख्येत कुठेच नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिला नसता. मी लेकीला बोलावून म्हटलं, "बाळा, बाईंचं बरोबर आहे. चौरसही आयतच असतो." ती शांतपणे म्हणाली, "मला तसंच वाटलं होतं. कोपरे तर सगळे सारखेच होते. पण तू म्हणालास की वेगळे असतात. तू इंजिनिअर आहेस ना."

दोन गुणांचं काही नाही. पण पोरीने स्वतः कोपरे पाहिले होते, बरोबर विचार केला होता, आणि माझ्या शब्दाखातर तो खोडून टाकला होता. त्या संध्याकाळी मी तिच्या समोरच डायरीत लिहिलं, "चूक माझी होती. क्षमस्व." मग ठरवलं, की हा धडा पहिल्यापासून पुन्हा घ्यायचा, आणि या वेळी सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त.

आजीचं पोळपाट

योगायोगाने त्याच रविवारी आईने शंकरपाळ्यांचा घाट घातला होता. मोठी पोळी लाटून ती कातणं चालवत होती. लेक शेजारी बसून कडेचे तुकडे खात होती. मी विचारलं, "आजीने कातणं कसं कसं फिरवलं, सांग बघू."

ती म्हणाली, "आधी सगळ्या सरळ रेषा. मग सगळ्या तिरक्या."

या एका वाक्यात अर्धी भूमिती आहे. एका दिशेच्या सगळ्या रेषा एकमेकींना समांतर, दुसऱ्या दिशेच्याही समांतर. म्हणजे मधल्या प्रत्येक तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर. असा चौकोन म्हणजे समांतरभुज चौकोन. आईचा हात बसलेला, त्यामुळे दोन्ही दिशांच्या पट्ट्या सारख्याच रुंदीच्या पडतात. तसं झालं की तुकड्याच्या चारही बाजू सारख्या येतात. हा समभुज चौकोन, शाळेतल्या भाषेत रॉम्बस. खात्री करायची असेल तर सारख्या रुंदीच्या दोन कागदी पट्ट्या एकमेकींवर तिरक्या ठेवा. जिथे त्या एकमेकींवर येतात तो आकार समभुज चौकोनच असतो, पट्ट्या कितीही तिरक्या करा.

मग लेकीला एक छोटी पोळी आणि कातणं दिलं. आईला म्हटलं, बिघडली तर बिघडू दे. तिला चार प्रकारे कापायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी कापण्याआधी विचारलं, आता काय निघेल?

सारख्या पट्ट्या, तिरक्या कापल्या: समभुज चौकोन. रुंद-अरुंद पट्ट्या, तिरक्या कापल्या: नुसता समांतरभुज चौकोन. रुंद-अरुंद पट्ट्या, पण अगदी सरळ काटकोनात कापल्या: आयत. सारख्या पट्ट्या आणि काटकोनात कापल्या: चौरस.

शेवटचा चौरस हातात धरून ती थांबली. "बाबा, याच्या पट्ट्या सारख्या आहेत म्हणजे हा शंकरपाळा आहे. आणि कोपरे सरळ आहेत म्हणजे हा आयतपण आहे."

"दोन्ही आहे," मी म्हटलं.

आईने वर न बघता शेरा मारला, "आमच्याकडे चौकोनी शंकरपाळे करत नाहीत." पण भूमितीला ते चालतात.

कडेचे तुकडेही वाया गेले नाहीत. गोल पोळीच्या कडेला जे तुकडे निघतात त्यांची एक बाजू वाकडी असते. लेक म्हणाली, "याला चार कोपरे आहेत, म्हणजे हा पण चौकोन." इथे थांबून सांगावं लागलं की चौकोनाच्या चारही बाजू सरळ रेषा असाव्या लागतात, आणि आकृती सगळीकडून बंद असावी लागते. वाकडी बाजू आली की ती आकृती या कुटुंबातली नाही. मग पोळीच्या कडा आधी सरळ कापून घेतल्या आणि पुन्हा तिरक्या रेषा मारल्या. आता कडेला त्रिकोण निघाले आणि काही असे चौकोन, ज्यांच्या फक्त दोन बाजू समांतर होत्या आणि उरलेल्या दोन नव्हत्या. ते समलंब चौकोन. एका पोळीत जवळजवळ सगळा धडा आला.

नावं काय सांगतात, काय सांगत नाहीत

माझी चूक कुठून आली याचा मी नंतर विचार केला. बडोद्यातल्या आपल्यापैकी अनेकांसारखा मीही गुजराती माध्यमात शिकलो. घरी आयत आणि शाळेत लंबचोरस. लंबचोरस म्हणजे लांब केलेला चोरस. हा शब्द लहानपणी डोक्यात बसला की आयत म्हणजे लांब असलाच पाहिजे, असं वाटू लागतं. पण आपला मराठी शब्दही फार वेगळा नाही. संस्कृतात 'आयत' म्हणजे ताणलेला, लांब. आणि चौरस हा शब्द आला 'चतुरस्र'वरून, म्हणजे नुसतं चार कोपऱ्यांचा. त्यात ना सारख्या बाजूंचा उल्लेख, ना काटकोनाचा. म्हणजे शब्दांच्या भरवशावर राहिलं तर आयत लांबच हवा आणि चौरस कसाही चालेल!

यात आपण एकटे नाही. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात चौकोनांच्या व्याख्या दिल्या, तेव्हा त्यानेही चौरस आणि लांबट काटकोनी चौकोन वेगवेगळे ठेवले. समभुज चौकोनाच्या व्याख्येतही त्याने काटकोन नसलेला असं म्हटलं. आज गणितात तसं करत नाहीत. कारण सोयीचं आहे. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात, हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. चौरस आयतात येतो, त्यामुळे आयताबद्दल जे खरं ते त्याच्याबद्दलही खरं. तसंच समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, हेही चौरसाला आपोआप लागू होतं.

मुलांना हे नात्यांनी पटकन कळतं. मी लेकीला विचारलं, "आजी बाई आहे का?" "आहे." "मग ती आजी आहे, बाई नाही, असं म्हणतो का आपण?" ती हसली. सगळ्या आज्या बायका, पण सगळ्या बायका आज्या नाहीत. सगळे चौरस आयत, पण सगळे आयत चौरस नाहीत.

काही मराठी नावं मात्र खरोखर उपयोगी आहेत. समभुज, समद्विभुज, विषमभुज, समांतरभुज. नावातच अट सांगितलेली. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना रॉम्बस आणि पॅरॅलेलोग्राम पाठ करावे लागतात. त्यांना सोबत मराठी शब्द दिला तर अर्थही मिळतो. माझ्या लेकीला 'आयसोसेलीस' कधीच आठवत नसे. 'सम-द्वि-भुज' असं तोडून सांगितलं, तेव्हापासून विसरली नाही.

चार पट्ट्या आणि चार टाचण्या

दुसरा प्रयोग रद्दीतला. पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या कापल्या आणि टोकांना टाचणीने जोडल्या, फिरतील अशा. सरळ उभ्या धरल्या तर चौरस. बोटाने जरा ढकलल्या की चौरस कलंडून समभुज चौकोन. एकही बाजू बदलली नाही, बदलले फक्त कोन. एक कर्ण लांबला, दुसरा आखडला.

म्हणून आकार ओळखताना नुसत्या बाजू मोजून भागत नाही, कोनही पाहावे लागतात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत यावर चांगलाच टोला आहे. फक्त बाजू सांगून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच! लंब किंवा कर्ण सांगितल्याशिवाय चौकोन पक्का होतच नाही, हे त्यांचं म्हणणं. लेकीला ही गोष्ट इतकी आवडली की आता घरात कोणी अर्धवट प्रश्न विचारला की ती "पिशाच!" म्हणते.

तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र ढकलला तरी हलत नाही. आणि कलंडणाऱ्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवी पट्टी जोडली की तोही घट्ट होतो, कारण त्याचे दोन त्रिकोण होतात. पुलांच्या लोखंडी सांगाड्यांत आणि पत्र्याच्या छपराखाली त्रिकोण का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे. दाराची चौकट बसवताना जाणकार मिस्त्री समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हे बघतो आणि मग दोरीने दोन्ही कर्ण मोजतो. सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. तो आयताची परीक्षाच घेत असतो.

दोन रिकामे रकाने

त्रिकोणांसाठी आम्ही एक तक्ता केला. आडवे तीन रकाने बाजूंचे: तिन्ही बाजू सारख्या, फक्त दोनच सारख्या, एकही सारखी नाही. उभे तीन कोनांचे: सगळे लघुकोन, एक काटकोन, एक विशालकोन. एकूण नऊ घरं. लेकीने प्रत्येक घरात एक त्रिकोण काढायचा.

सात घरं भरली, दोन भरेनात. तिन्ही बाजू सारख्या आणि एक काटकोन, असा त्रिकोण काही केल्या होईना. विशालकोनाचं तसंच. अर्धा तास तिने रबर झिजवलं. मी गप्प बसलो, आणि खरं सांगतो, गप्प बसणं हेच सगळ्यांत अवघड काम होतं. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, बाजू सारख्या केल्या की कोनपण सारखेच होतात. मग एकच मोठा कसा होईल?" बरोबर. तिन्ही कोन मिळून १८० अंश, सारखे वाटले तर प्रत्येकी ६०. त्या घरांत राहायला कोणी येऊच शकत नाही.

आदल्या महिन्यात मी हे तिला एका वाक्यात सांगून टाकलं असतं. तिने ते पाठ केलं असतं आणि परीक्षेनंतर विसरली असती.

पायरी ओळखावी

नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं की पिएर व्हॅन हिले आणि डीना व्हॅन हिले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात याच विषयावर प्रबंध सादर केले होते. त्यांचं म्हणणं असं, की मुलं आकार पायऱ्यापायऱ्यांनी शिकतात. पहिल्या पायरीवर आकार दिसण्यावरून ओळखतात: हे दारासारखं दिसतं म्हणून आयत. या पायरीवरचं मूल चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याला डायमंड म्हणतं, कारण दिसणं बदललं. दुसऱ्या पायरीवर ते बाजू आणि कोन पाहतं, त्यांची यादी करतं. तिसऱ्या पायरीवर त्या गुणधर्मांमधली नाती कळतात, आणि तेव्हाच चौरस हा आयत आहे हे मनापासून पटतं. वरची पायरी नुसतं वय वाढल्याने येत नाही, कसं शिकवलं त्यावर येते. आणि शिकवणारा एका पायरीवरून बोलत असेल आणि मूल दुसऱ्या पायरीवर असेल, तर दोघांना एकमेकांचं कळत नाही.

माझ्या घरी उलटंच झालं होतं. लेक दुसऱ्या पायरीवर चढली होती आणि इंजिनिअर बाबा पहिल्या पायरीवर उभा राहून तिला खाली ओढत होता.

तुमच्या घरी हे करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. रंगीत कागदाचे पंधरा-वीस तुकडे कापा. काही सरळ, काही वाकड्या बाजूंचे, काही अगदी बारीक आणि लांब. मुलाला सांगा, तुला हवे तसे गट कर आणि कशावरून केलेस ते सांग. रंगावरून केले तरी आधी ऐकून घ्या. मग विचारा, रेषांवरून करता येतील का? कोनांवरून? गुण्या नसेल तर कोणत्याही कागदाला दोन घड्या घाला, दुसरी पहिलीवर नीट बसेल अशी. तो कोपरा काटकोन. तो लावून प्रत्येक तुकडा तपासता येतो. प्रत्येक तुकडा फिरवून दाखवा, आणि फिरवल्यावर नाव बदललं का ते विचारा. समलंब चौकोनाबाबत मात्र मुलाचं पुस्तक उघडून बघा. काही पुस्तकं बाजूंची एकच जोडी समांतर हवी म्हणतात, काही निदान एक. दोन्ही पद्धती चालतात, पण परीक्षेत पुस्तकातली. हे मी आता डायरीत लिहिण्याआधी बघतो.

उत्तरायण

जानेवारीत गच्चीवर पतंग चालले होते. आजूबाजूला 'काप्यो छे'चा गजर, मी फिरकी धरून उभा. लेक एक फाटका पतंग घेऊन खाली पट्टी आणायला गेली. परत आली ती कागदाच्या चारही कडा मोजूनच.

"बाबा, पुस्तकात पतंगाच्या वरच्या दोन बाजू छोट्या आणि खालच्या दोन मोठ्या असतात. आपल्या पतंगाच्या चारही जवळजवळ सारख्या आहेत."

"मग?"

"मग हा शंकरपाळा आहे." थोडा विचार करून तिने पुढे विचारलं, "पण पतंग म्हणजे शेजारशेजारच्या दोन-दोन बाजू सारख्या. त्या तर इथे आहेतच. म्हणजे प्रत्येक शंकरपाळा पतंग असतो का?"

उत्तर मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती फाटका पतंग मांडीवर घेऊन बसली. मांजा ढिला पडला, आमचा उडता पतंग कोणीतरी कापला, आणि मी तिच्या उत्तराची वाट बघत राहिलो.